लिंबोणीच्या देवी

२१ जानेवारी १९७९. केळीच्या सोपटाच्या पट्ट्या सकाळीच बादलीत भिजत घातल्या आणि चाकूला धार लावायला बसले. उद्या लिंबाची नवी रोपं टोचायची आहेत. चाकू माझ्या वडिलांनी दिलेला. ते कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते. करवतीचं झिजलेलं पातं कापून, घासून त्यांनी हा बनवला आणि माझ्या लग्नात भांड्यांच्या गोणीत सगळ्यात वर ठेवला. सासरी त्यावरून टिंगल झाली. नवरी हत्यार घेऊन आली, म्हणत. मी त्याच चाकूनं दुसऱ्या दिवशी वांगी चिरली आणि विषय संपवला.

माघ तोंडावर आला आहे. गड्ड्याची यात्रा करून लोक सोलापुराहून परतलेत, पोरांच्या हातातल्या पिपाण्या अजून वाजताहेत. शाळू दाण्यात आलाय. सकाळी थंडी हाडात शिरते आणि दुपारी उन्हात पाठ भाजते. लिंबोणीला कोवळी पालवी फुटते ती याच दिवसांत, आणि त्या पालवीच्या देठाला काळा मावा चिकटतो तोही याच दिवसांत. लोकांना हा वास आवडतो, लिंबाच्या फुलाचा. मला त्या वासाबरोबर रॉकेल आठवतं. ओलं लाकूड जळताना येणारा धूर आठवतो, आणि तेलकट पानं जळताना होणारा तडतडाट. माझ्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरे ओरखडे आहेत, ते चार वर्षांपूर्वीच्या माघातले. लिंबोणीचा काटा नुसता टोचत नाही, ओढून नेतो.

आमची बाग वैरागच्या रस्त्याला. बांधाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे माझे चुलत दीर सोपान. विहीर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली, आणि पाळीवरनं होणारी भांडणंही ठरलेली. तरी बहात्तरच्या दुष्काळात विहीर तळाला गेली तेव्हा दोन्ही घरांनी भांडण बाजूला ठेवलं. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी नदीच्या पात्रात झिरा उकरून घागरी भरायच्या. सोपानभावजी कावड घेऊन लंगडत यायचे, खांद्याची साल निघालेली असायची. आम्ही झाडाला तांब्यानं पाणी घातलं, तान्ह्या पोराला पाजावं तसं. जनावरं मेली. गावातली विहीरकाठची चिंचसुद्धा वाळली. लिंबोणी मात्र जगल्या. म्हणून पुढे जे झालं ते दुष्काळापेक्षा वाईट वाटलं. दुष्काळानं जे सोडलं होतं, ते आम्हाला आपल्या हातानं मारावं लागलं.

आधी शेंडे वाळले. मग फळ बारीक यायला लागलं, बोराएवढं. सोपानभावजींच्या बागेत पहिल्यांदा, नंतर आमच्यात. लोकांनी शेण घातलं, खत घातलं, मुळाशी बुरशीचं औषध ओतलं. काही उपयोग नाही. शेवटी आमच्या ह्यांनी सोलापूरला जाऊन मुजावर साहेबांना आणलं. शेतीखात्यातले, शुक्रवार पेठेत राहणारे, उंच, किडकिडीत गृहस्थ. एसटीतून उतरले ते एका हातात भिंग आणि दुसऱ्या हातात बायकोनं दिलेला डबा घेऊन. दोन्ही वस्तू त्यांनी दिवसभर खाली ठेवल्या नाहीत.

रस्त्यावरचे चार-पाच बागवाले जमले. साहेबांनी सोपानभावजींच्या झाडाचं एक पान तोडलं आणि उन्हाकडे धरलं. "इकडे या, बघा. शिरा बघा पानाच्या." हिरव्या शिरांमध्ये पांढरट तुटक ठिपके होते, कुणी सुईनं टोचल्यासारखे. एकदा दाखवल्यावर ते इतके स्वच्छ दिसले की आजवर कसे दिसले नाहीत याचं नवल वाटलं. मग साहेबांनी माझा चाकू मागितला, बोटाएवढी एक फांदी कापली आणि तिची साल सोलली. आतलं लाकूड गुळगुळीत असायला हवं होतं. त्यात खड्डे होते. लहान, खोल, दाटीवाटीनं. सोललेली साल उलटी केली, तर तिच्या आतल्या अंगाला खड्ड्यात बसणारे बारीक दाते.

"हा विषाणू आहे," साहेब म्हणाले. "डोळ्याला दिसत नाही, औषधानं मरत नाही. मावा याचा टांगेवाला. ह्या झाडावर रस प्यायला बसला, त्या झाडावर जाऊन उतरवला. लागलेली झाडं पाडून जाळायची, दुसरा उपाय नाही."

सोपानभावजींनी त्या सोललेल्या लाकडावरनं बोट फिरवलं. मग तेच बोट त्यांनी स्वतःच्या गालावरनं फिरवलं. त्यांना लहानपणी देवी आल्या होत्या. तोंडावर वण नाही अशी जागा शोधावी लागेल, असा चेहरा.

"देवी हाय ही," ते म्हणाले.

कुणीतरी मागनं बोललं, "सोप्या, वैरागात भितीवर लिवलंय बघ. देवीचा रोगी कळवा, बक्षीस मिळवा. कळीव की, साहेब हितंच हाय."

सगळे हसले. मीही हसले. त्या दिवसांत गावोगाव भिंतींवर ते गेरूनं लिहिलेलं असायचंच. सोपानभावजी हसले नाहीत. त्यांनी ती फांदी दोन्ही हातांनी धरली, कपाळाला लावली आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवली.

माझं म्हणणं असं आहे, की सगळं त्या एका शब्दानं बिघडवलं. साहेबांनी म्हटलेला 'विषाणू' शब्द कुणाच्या डोक्यात राहिला नाही. 'देवी' राहिला. रोग असता तर सोपानभावजींनी झाड कापलं असतं. देवीला कुऱ्हाड कोण लावणार? आमच्याकडे घरात देवी आल्या की फोडणी देत नाहीत, चिरत नाहीत, केस विंचरत नाहीत, मोठ्यानं बोलत नाहीत. आजारी माणसाला आजारी म्हणत नाहीत. पाहुणी आली आहे, तिला राग येईल असं काही करायचं नाही, दहीभात ठेवायचा, कडुलिंबाचा पाला लावायचा आणि ती जाईपर्यंत मान खाली घालून बसायचं. सोपानभावजी असे वाचले होते. त्यांची धाकटी बहीण त्याच खोलीत, त्याच पाल्यावर मेली होती. त्यांच्या मते ती मेली, कारण घरात कुणीतरी चोरून भाकरी थापली होती.

ते टोचून घ्यायचे नाहीत. टोचणारे गावात आले की कितीतरी जण शाळवात लपायचे, सोपानभावजी सगळ्यात आत. माझ्या दंडावर दोन वण आहेत, रेल्वेच्या दवाखान्यात टोचलेले. मी सात वर्षांची होते, मी डॉक्टरच्या हाताला चावले होते. चावले तरी टोचलं.

आम्ही आमची बाग चार दिवसांत पाडली. मी रडले नाही, वेळ नव्हता. हे आणि दोन गडी कुऱ्हाड चालवत, मी आणि बायका फांद्या ओढत. लिंबोणीचं लाकूड चिवट असतं, घाव बसला की कुऱ्हाड अडकते, ती उपटायला पाय लावावा लागतो. पडताना झाड शेजारच्या झाडात अडकतं आणि काट्यांनी त्याला धरून ठेवतं. त्या दोघांना सोडवता सोडवता आपल्या अंगाच्या चिंध्या. फळं पायाखाली फुटत. आंबट रस ओरखड्यांत जाई आणि अंग पेटल्यासारखं होई. एका झाडात होल्याचं घरटं होतं, झाड पडलं तेव्हा पिलं बाहेर पडली, बुंधा त्यांच्यावरच आला. बाजूला होऊन बघायला कुणी थांबलं नाही. मुळं खणून काढली, रॉकेल ओतलं, पेटवलं. मावा जळताना दिसत नाही, पण मला त्याच्या मरण्याची फार हौस होती. कोवळ्या शेंड्यावरचा मावा मी अंगठ्यानं चिरडत असे, अंगठा काळा-हिरवा होईपर्यंत.

एवढं करून पलीकडे बघावं, तर सोपानभावजींच्या झाडांना कडुलिंबाच्या डहाळ्या बांधलेल्या. प्रत्येक बुंध्याशी द्रोणात दहीभात. माझी जाऊ काशी डोक्यावरनं पदर घेऊन झाडाझाडाला पाणी शिंपडते आहे. आणि त्या झाडांना अशी पालवी फुटलेली, की तेवढा मावा मी आयुष्यात पाहिला नाही. दहीभातामुळे मुंगळे आलेले, ते माव्याची राखण करत होते.

"काशे," मी बांधावरनं म्हटलं, "हा मावा उडून जाईल सगळ्यांकडे."

"जाऊ बाई, तुमी शिकलेल्या," काशी म्हणाली. "आमच्यात आयेला घालवून द्यायची रीत न्हाय."

"आई असती तर बोरं कशाला दिली असती? लिंबं दिली असती की."

तिला क्षणभर हसू आलं, तेवढ्यात सोपानभावजी आले आणि ती पुन्हा पाणी शिंपडायला लागली.

मग मी घरोघर गेले. रस्त्यावर जेवढे बागवाले होते त्यांच्या दारात उभी राहून सांगितलं, की सोपानची बाग उभी राहिली तर पुढच्या माघात तुमची पडेल. मी काही वाढवून सांगितलं नाही. ह्यांनी अडवलं, म्हणाले, भाऊ आहे. मी म्हटलं, मावा नातं विचारत नाही. ते लोक आले तेव्हा बरोबर कुऱ्हाडी होत्या, काठ्याही होत्या. सोपानभावजी पहिल्या झाडाला मिठी मारून उभे राहिले. लिंबोणीला मिठी मारून कुणी उभं राहत नाही. त्यांची बंडी छातीवर लाल झाली. दोघांनी त्यांना ओढलं, तेव्हा काटे मोडून अंगात राहिले. त्यांनी एकाचा दंड चावला. मग एकानं त्यांच्या पोटरीवर काठी मारली आणि ते बसले. काशी शिव्या देत नव्हती. ती एकेका झाडाचं नाव घेत होती. दुष्काळात त्यांनी झाडांना नावं ठेवली होती, ती मला त्या दिवशी कळली. ठकी, गंगी, रखमी, थोरली, धाकली. तिच्या धाकल्या नणंदेचं नाव ठकी होतं, देवीत गेली ती.

तीच वेळ परत आली तर मी पुन्हा घरोघर जाईन. पण ती नावं ऐकत उभं राहणं सोपं नव्हतं, हेही खरं.

एक झाड राहिलं होतं. विहिरीच्या धक्क्याजवळचं, आमच्या बाजूचं, सगळ्यात जुनं. ते शेवटी पाडायचं म्हणून ठेवलं होतं, कारण त्याच्या सावलीत कुऱ्हाडी ठेवायचो आणि जेवायचो. ते हिरवंगार होतं. लिंबं कोंबडीच्या लहान अंड्याएवढी, साल पातळ. मुजावर साहेब पाडकाम बघायला आले तेव्हा त्याच्याखाली उभे राहून त्यांनी बराच वेळ वर पाहिलं. पान तोडलं, उन्हाला धरलं, मला दिलं. शिरांत ठिपके होते. अगदी फिके, पण होते.

"म्हणजे हेही गेलं," मी म्हटलं.

"साल सोला."

मी सोलली. लाकूड गुळगुळीत. एखादाच खड्डा, तोही हाताला लागला, डोळ्याला नाही.

"बाई, हे पाडू नका," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "चारी बाजूंनी मढी आणि मध्ये हे उभं. रोग याला सगळ्यांच्या आधी झालेला असणार. पण हा त्याचा दुसरा भाऊ आहे."

मग धक्क्यावर बसून, डबा मांडीवर ठेवून, त्यांनी मला सांगितलं. हा रोग म्हणजे एक जण नव्हे, पिलावळ आहे. झाडात शिरला की तो स्वतःच्या नकला काढत सुटतो, आणि घाईत नकला काढताना चुका होतात. गावाच्या या टोकाकडून त्या टोकाला तोंडी निरोप पाठवावा आणि पोचताना त्यातला शब्द बदललेला असावा, तसं. बहुतेक चुका वाया जातात. एखादीनं रोग तिखट होतो, एखादीनं बोथट. झाडाझाडातून, माव्यामाव्यातून जाताना कोण टिकतं, कोण मरतं, यावर पुढची पिलावळ ठरते. तिखटानं झाड लवकर मारलं तर त्याचंही घर जातं, पण त्याला ते कळत नाही.

"आणि बोथट आत असला तर?"

"तर तिखटाला सहसा शिरू देत नाही. आमच्या शुक्रवार पेठेत एकदा भाडेकरू घुसला की मालकाचा बाप आला तरी दुसऱ्याला आत घालू शकत नाही, तसं." ते हसले, मग गंभीर झाले. "रोप लहान असताना या झाडाच्या काडीवरचा डोळा, म्हणजे सालीसकट कोंब, त्याच्या सालीत भरायचा. डोळा फुटला नाही तरी चालेल, नुसती साल सालीला चिकटून जगली की बोथट रोग रोपात उतरतो. मग मावा तिखट घेऊन येऊ दे. पण मी शपथ घेणार नाही. चार-पाच वर्षं गेल्याशिवाय कळायचं नाही. आणि उद्या हाच बोथट नक्कल चुकून तिखट झाला, तर मला शिव्या द्या."

"म्हणजे देवी टोचायच्या," मी म्हटलं. "झाडाला."

"अगदी तेच."

अडचण एवढीच होती, की साहेबांनी पान उन्हाला धरायला मला एकटीला शिकवलं नव्हतं. सगळ्यांना शिकवलं होतं.

दोन दिवसांनी भर दुपारी आम्ही त्या झाडाखाली जेवत होतो. सोपानभावजी बांध ओलांडून आले. पोटरीला फडकं बांधलेलं, खांद्यावर कुऱ्हाड. हात वर करून एक पान तोडलं आणि उन्हाला धरलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, मला कळलं.

"दादा," ते ह्यांना म्हणाले, "हिला बी हाय की."

"सोपान, बस. भाकरी खा," हे म्हणाले.

"माझ्या समद्या पाडल्या. ठकी पाडली. इहिरीवरची तुमची तेवढी ऱ्हायली व्हय?"

मी उभी राहिले. "भावजी, हिच्यातला रोग वेगळा आहे. बोथट आहे. टोचायची देवी असते तशी. हिचे डोळे भरले तर नवीन रोपं वाचतील. हे एकच झाड आहे असं, दुसरं कुठं नाही."

"तुजी देवी बोथट," ते म्हणाले. "आन माझी तिखाट."

अठरा वर्षांत त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. मी जे सांगत होते ते खरं होतं आणि ऐकायला किती खोटं वाटत होतं, हे मला तिथं उभं राहून कळत होतं. त्यांनी कुऱ्हाड खांद्यावरनं उतरवली. हे मध्ये गेले. सोपानभावजींनी त्यांना पात्यानं मारलं नाही, उलट्या बाजूनं मारलं, हे मी पुढे दोन-तीन ठिकाणी सांगितलं आहे, कारण ते खरं आहे. पण ह्यांच्या गळ्याखालचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळली काटकी पायाखाली मोडते, तेवढाच. हे भाकरीवर पडले. मी तांब्या फेकून मारला, तो सोपानभावजींच्या कपाळाला लागला, रक्त डोळ्यात आलं. त्यांनी एका हातानं डोळा पुसला आणि दुसऱ्या हातानं घाव घातला. मी मागनं त्यांची बंडी धरली, ती फाटून माझ्या हातात आली. पाठीवर सगळीकडे काट्यांच्या काळ्या टोकांचे फोड, वर देवीचे वण. मी दगड उचलला होता. मारला नाही, कारण ह्यांनी हाक मारली आणि मला वळावं लागलं. हाक मारली नसती तर मारला असता.

जुनं लाकूड, पडायला वेळ लागला. पडताना ते विहिरीच्या धक्क्यावर आदळलं. लिंबं उसळून पाण्यात पडली, डुबुक डुबुक, किती वेळ. मग सोपानभावजी बुंध्यावर बसले आणि तोंड झाकून घेतलं. कुऱ्हाड त्यांच्या पायाशी पडली होती, कुणी उचलली नाही.

ह्यांना बैलगाडीतनं दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी खांदे मागे ओढून पट्टे बांधले, म्हणाले, जुळेल, पण हात पहिल्यासारखा वर जाणार नाही. गेला नाही. अजूनही सदरा घालताना ह्यांची डावी बाही मला धरावी लागते. कधी कधी बाही धरता धरता मला वाटतं, माणसातही तसंच असावं. एकाच आजोबांची नातवंडं, एकाच विहिरीचं पाणी, एकच दुष्काळ अंगावर घेतलेला. एका नकलेत कुठंतरी एक शब्द इकडचा तिकडे होतो आणि एकाच्या हातात कुऱ्हाड येते, दुसरा तिच्यासमोर जाऊन उभा राहतो. मी कुठली नक्कल म्हणायची, ते मी ठरवलेलं नाही. दगड माझ्या हातात होता.

गेल्या वर्षी देवी संपल्या म्हणून लोक बोलत होते. भिंतीवरची अक्षरं पावसानं धुपत चालली आहेत, बक्षीस काही आमच्या भागात कुणाला मिळालं नाही. चार वर्षांपूर्वी टोचलेली रोपं आता माझ्या खांद्याला लागली आहेत. दर माघात मी प्रत्येक झाडाची एक काडी तोडते, साल सोलते आणि डोळे मिटून लाकडावरनं अंगठा फिरवते. अजून तरी अंगठा कुठं अडकलेला नाही. पानं उन्हाला धरली की ठिपके दिसतात, फिके. आहे, आत आहे, बसला आहे. परवा मुजावर साहेब आले होते. त्यांनी भिंगानं पाहिलं आणि म्हणाले, "अजून मी काही बोलणार नाही." मी म्हटलं, नका बोलू, चहा घ्या. नवा डोळा भरायला काडी या झाडांवरूनच घ्यायची. ते जुनं झाड आता या झाडांतच आहे, दुसरीकडे कुठंही नाही.

ते या झाडांत कसं आलं, एवढंच सांगायचं राहिलं.

झाड पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्यातनं घरी आले. पडलेल्या फांद्यांची पानं मलूल झाली होती, पण काड्या ओल्या होत्या. ऊन चढलं की डोळे वाळणार. मी काड्या कापल्या, पानं छाटून देठ तेवढे ठेवले, ओल्या पोत्यात गुंडाळल्या. आता त्या भरायच्या कशात? आमच्याकडे एकही रोप नव्हतं. लिंबाची रोपं होती ती फक्त सोपानभावजींच्या परसात. देवी शांत होऊन गेली की पुन्हा लावायला म्हणून त्यांनी बी टाकून वाढवलेली, करंगळीएवढ्या जाडीची, वर जुन्या लुगड्याचा आडोसा केलेली.

मी चाकू, पोतं आणि सोपटाची बादली घेऊन बांध ओलांडला. ते परसात बसले होते. कपाळावर हळद दाबलेली. माझ्या हातातला चाकू बघून उठले नाहीत.

"मारायला आलाय व्हय, वैनी?"

"नंतर. आधी रोप धरा."

"कशाला?"

"टोचायचंय. तुमच्या देवी तुम्ही काढल्या नाहीत, निदान ह्या रोपांच्या काढा. डोळे वाळायला लागलेत, भावजी, मला वेळ नाही."

काशी दारात आली होती. ती पुढे झाली, आडोशाचं लुगडं दूर केलं आणि पहिलं रोप दोन्ही हातांनी धरलं. मी सालीला चीर दिली, आडवी आणि उभी, साल उचलली, डोळा आत सरकवला. बांधायला तिसरा हात लागतो. सोपानभावजी उठले आणि बादलीतली पट्टी काढून त्यांनी मला दिली. तिसऱ्या रोपाला ते स्वतःच बांधायला लागले. बरं बांधत होते, माझ्यापेक्षा घट्ट.

सगळे डोळे संपल्यावर मी चाकू पुसला आणि म्हटलं, आता मी वैरागला चौकीत जाते, तुमच्यावर तक्रार द्यायला. ते म्हणाले, मीबी येतो, मलाबी द्यायचीय. एसटी एकच होती. आम्ही एकाच बाकावर बसलो, मध्ये त्यांचं जेवणाचं गठुडं. हवालदार म्हणाला, अर्ज लिहून आणा. मी बाहेर ओट्यावर बसून माझा लिहिला. सोपानभावजींना लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांचाही मीच लिहिला. चुलत वहिनीनं माणसं गोळा करून माझी बाग पाडली, मला काठीनं मारवलं, तांब्यानं माझं कपाळ फोडलं. ते सांगत गेले, मी एकेक शब्द लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "खाली लिवा, बाई लई हट्टी हाय."

तेही लिहिलं, आणि अंगठा कुठं उठवायचा ते त्यांना दाखवलं.